पायाला पैसे, पत्र्याला नाहीत : वाईजवळच्या एका पागेचं प्रकरण

सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या प्राणी कल्याण संस्थेकडे सात घोडी होती आणि त्यांच्या डोक्यावर ताडपत्री होती. ताडपत्री म्हणणंही जरा जास्तच. अर्धी ताडपत्री आणि अर्धा भिलारच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याने दिलेला जुना मल्चिंग पेपर. पसरणी घाटाच्या पायथ्याला, एका सभासदाच्या शेताच्या बांधावर बांबू रोवून हा मांडव उभा केलेला. पाऊस आडवा आला की घोडी एकमेकांच्या आडोशाला सरकत आणि चारही पाय चिखलात ठेवून तशीच उभी राहत.

त्यातली एक बुटकी तांबडी घोडी पुढचा उजवा पाय टेकत नव्हती. साताऱ्याहून नालबंद आला. त्याने पाय उचलून गुडघ्यात धरला, खुराच्या तळव्यातल्या त्या मऊ त्रिकोणी भागावर सुरी फिरवली, तसा काळा, ओला चोथा बाहेर आला. कुजलेल्या बटाट्याचा वास. घोडीने मान मागे वळवून बघितलं, पण पाय ओढला नाही. नालबंद म्हणाला, "औषध कायबी घाला, ताई. पाय कोरडा राह्यला तर बरी हुईल. कोरडी जागा हाय का तुमच्याकडं?"

नव्हती. इथून हे प्रकरण सुरू होतं.

मी संस्थेची खजिनदार. पतसंस्थेत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेली. घोड्यांतलं मला तेव्हा काही कळत नव्हतं. घोड्याच्या जवळ जायला अजूनही भीती वाटते. हिशोब मात्र माझ्या हातात होता, म्हणून हे सगळं मी त्या बाजूने सांगते आहे.

सातपैकी पाच घोडी पाचगणी-महाबळेश्वरकडची. म्हातारी झालेली, लंगडी झालेली, नाहीतर पाठीवर खोगिराची जखम चिघळलेली. उरलेली दोन पोलिसांनी एका गुन्ह्यात जप्त करून आमच्याकडे सोपवलेली. अशा जनावरांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत : खटला चालू असेपर्यंत जनावर प्राणी कल्याण संस्थेकडे किंवा पांजरपोळात ठेवता येतं आणि खर्च आरोपीकडून वसूल करता येतो. कागदावर हे छान आहे. वसुली येईपर्यंत कडबा कोण आणणार, हे त्यात नाही. पुढे त्यातला एक घोडा न्यायालयाच्या आदेशाने मालकाकडे परतही गेला, आणि एक म्हातारा त्या थंडीतच वारला. राहिली पाच.

पहिलं अंदाजपत्रक आलं १९,४०,००० रुपयांचं. एका ओळखीच्या इंजिनिअरने प्रेमाने, फुकटात करून दिलेलं : आरसीसीचे खांब, स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंती छतापर्यंत बंद. बंगल्याला खोल्या असतात तसे आठ कप्पे. आम्ही ते नाक मुठीत धरून मंजूर केलं आणि पैसे मागायला लागलो.

ऑक्टोबर ते जानेवारी असे चार महिने मोबाइलवर फोटो फिरवले. तांबडीच्या पायाचा फोटो सर्वांत जास्त गेला. पुण्या-मुंबईकडून पैसे आले, चार महिन्यांत १,८७,३०० रुपये. समितीत आनंदीआनंद. मी बँकेचं स्टेटमेंट काढून प्रत्येक नोंदीशेजारी देणाऱ्याचा निरोप लिहीत बसले आणि पोटात गोळा आला. "तांबडीच्या पायासाठी." "फॉर लेग." "त्या घोडीला लवकर बरं वाटू दे." १,१२,००० रुपये सरळसरळ एका घोडीच्या एका पायाला आलेले. पागेला म्हणून उरले ७५,३००.

अध्यक्ष म्हणाले, "पाय कोरडा ठेवायलाच तर पागा बांधतोय, मग पाय काय आणि पत्रा काय?" मुद्दा चूक नव्हता. नालबंद तेच म्हणाला होता. पण देणाऱ्याने ज्या कामाला दिले त्याच कामाला ते लागले पाहिजेत, आणि "तांबडीचा पाय" या खात्यातून जीआय पत्र्याचं बिल गेलं तर पुढच्या वर्षी त्याच माणसासमोर मला उभं राहायचं होतं. मी सही केली नाही. पंधरा दिवस समितीत माझ्याशी कुणी धड बोललं नाही. तांबडीच्या उपचारावर खर्च झाला साधारण ६४,००० रुपये. उरलेले त्याच खात्यात राहिले आणि नंतरची दोन वर्षं सगळ्या घोड्यांच्या नालबंदीला पुरले, तेही देणाऱ्यांना पत्र लिहून विचारल्यावर. खूर दर सहा-आठ आठवड्यांनी साळावं लागतं, नाहीतर चाल बिघडते. त्यामुळे तो पैसा वाया गेला असं कुणी म्हणू शकणार नाही.

माझं मत असं झालं की जखमेचा फोटो जखमेला पैसे आणतो. त्याच्याकडून छपराची अपेक्षा करणं चूक होतं.

फेब्रुवारीत वाईत एक बैठक घेतली. चाळीसेक लोक, चहा, कांदेपोहे. अध्यक्षांचं भाषण संपल्यावर मागच्या ओळीतले एक निवृत्त मास्तर उठले. म्हणाले, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

घोडं पेंड खात होतं ते इथे. जमीन सभासदाच्या वडिलांच्या आणि दोन चुलत्यांच्या नावावर, वाटण्या झालेल्या नाहीत. उद्या चुलते म्हणाले उठा, तर वीस लाखांची इमारत त्यांच्या शेतात. आम्ही घाईघाईने भाडेपट्टा करायचं ठरवलं, तर वकिलांनी तिथेही थांबवलं. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही तशी पट्ट्यानेही देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय. आणि आमच्यासारखा न्यास हा काही शेतकरी नव्हे. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात गोठा बांधणं वेगळं आणि संस्थेने तिथे पागा बांधणं वेगळं. चार महिने आम्ही लोकांकडे ज्या पागेसाठी पैसे मागत होतो, ती तिथे कायद्याने उभीच राहू शकत नव्हती. मास्तरांनी विचारलं नसतं तर पाया भरून मोकळे झालो असतो.

जागा मिळाली ती अनपेक्षित. बंद पडलेली भातगिरणी, अकरा गुंठे, तीस वर्षांपूर्वीच बिगरशेती झालेली. छप्पर कधीच उडालेलं, पण साठ फुटांचा काळ्या दगडाचा जोता शाबूत. मालकीणबाई, त्यांना सगळे आक्का म्हणतात, पंधरा वर्षांच्या पट्ट्याला तयार झाल्या. एकच अट : गिरणीच्या दारातला औदुंबर तोडायचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दुय्यम निबंधकांकडे पट्टा नोंदवला. त्या जोत्याने आमचे किती पैसे वाचले ते पुढे येईलच.

त्याआधीची, जूनमधली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण सगळं वळण तिथे आहे.

पाचगणीच्या घोडेवाल्यांशी आमचं वाकडं होतं. आमच्या दृष्टीने ते आरोपी, त्यांच्या दृष्टीने आम्ही त्यांची रोजीरोटी बंद करायला निघालेले शहाणे. निधीसाठी त्यांच्याकडे जावं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मी गेले ते एका घोड्याच्या कागदासाठी, सही हवी होती म्हणून. टेबललँडच्या कडेला, जांभ्याच्या त्या सपाट माळावर, सात-आठ जण बसलेले. ढग खाली उतरलेले, गिऱ्हाईक नाही. एका वयस्कर घोडेवाल्याने, त्याला सगळे चाचा म्हणत, मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. आमचाच फोटो. तांबडीचा नव्हे, दुसऱ्या एका घोड्याचा, रिकिबीच्या पट्ट्याखाली खरचटलेल्या बरगडीचा.

"ह्यो माझा घोडा हाय, बाई. तुम्ही लिवलंय, 'मालकाचं क्रौर्य'. त्या आठवड्यात मी त्याला कामाला काढला न्हवता, तवा तो उभा हुता आन् तुमच्या पोरानं फोटो काढला. ह्यो घोडा माझ्या पोरीची फी भरतो. त्याला मारून मी काय खाऊ?"

मला उत्तर सुचलं नाही. मग त्यानेच विचारलं, "पागा बांधताय म्हणं. पावसात आमची ठिवाल का?"

ज्यांनी महाबळेश्वर फक्त मे महिन्यात पाहिलंय त्यांना या प्रश्नाचं वजन कळणार नाही. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पर्यटक थांबतो, कमाई थांबते, घोडं मात्र रोज खातं. खाली वाईत पाऊस त्याच्या काही अंशानेच. म्हणून काही मालक घोडी घाट उतरवून खाली आणतात, पाहुण्यांच्या गोठ्यात, पुलाखाली, जमेल तिथे बांधतात. ज्यांना तेही जमत नाही त्यांची घोडी वर धुक्यात भिजत उभी राहतात. सप्टेंबरला आमच्याकडे येणाऱ्या घोड्यांचे खूर आणि पाठी ज्या अवस्थेत असत, त्याचं मूळ बऱ्याच अंशी त्या चार महिन्यांत होतं. आम्ही दरवर्षी परिणाम गोळा करत होतो.

मी समितीपुढे मांडलं : आठ कप्प्यांपैकी चार पावसाळ्यात कामाच्या घोड्यांना द्यायचे, दिवसाला शंभर रुपये, चारा मालकाचा, डॉक्टर आमचा. आत घ्यायच्या आधी रक्ततपासणी, आणि खोगिराची जखम असलेला घोडा बरा झाल्याशिवाय परत कामाला नाही, असं लेखी.

खडाजंगी झाली. "आपण त्यांचा धंदा सोपा करून देतोय," हा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. दोन संस्थापक सभासद त्या रात्री बाहेर पडले. त्यातल्या एकीने सुरुवातीला स्वतःच्या पगारातून वर्षभर हरभरा आणि कोंडा भरला होता. ती अजून माझ्याशी बोलत नाही. तिला मी चूक म्हणणार नाही. मला एवढंच दिसत होतं की नुसत्या सेवानिवृत्त घोड्यांसाठीची इमारत गावाला परकी वाटत होती. मागच्याच महिन्यात एका शेतकऱ्याने तोंडावर विचारलं होतं, "माणदेशात दुष्काळात माणसं जनावरांसंगं छावणीत राह्यली, आन् तुम्ही बिनकामाचं घोडं बसवून पोसणार?"

पंधरा दिवसांनी चाचा खाली आला. तेवीस घोडेवाल्यांचे प्रत्येकी दोन हजार, ४६,००० रुपये, रुमालात. मी म्हटलं, नावं-पत्ते लिहून प्रत्येकाची वेगळी पावती करू. तो हसला, पण त्याने नावं सांगितली. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की न्यासाला त्यावर तीस टक्के कर बसतो, त्यामुळे मी याबाबतीत हट्टी आहे.

त्या तेवीस पावत्यांची झेरॉक्स घेऊन आम्ही थंडीत गावोगाव गेलो. भाषण नाही, फोटो नाही. "घोडेवाल्यांनी स्वतः एवढे दिलेत" हे एक वाक्य आणि पट्ट्याची नोंदवलेली प्रत. ६१४ पावत्या फाटल्या, २,३८,७०० रुपये. सरासरी चारशेच्या आत. अपशिंग्याचे एक निवृत्त हवालदार, आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचर तुकडीत नोकरी केलेले, त्यांनी ५१,००० दिले. पाचगणीच्या एका निवासी शाळेतल्या मुलांनी खाऊचे स्टॉल लावून ४१,५००. वाईच्या दोन व्यापाऱ्यांनी मिळून एक लाख. त्यातल्या पत्रेवाल्याला खरं तर पत्रेच द्यायचे होते आणि त्यावर आयकरात वजावट देणारी ८०जीची पावती हवी होती. वस्तुरूप देणगीला ती वजावट मिळत नाही, रोखीतही दोन हजारांवर मिळत नाही, आणि नवी कररचना घेतली असेल तर मुळातच नाही. हे सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला आणि चेक लिहिला. नंतर तीन दुकानांचे दर मागवले, कमी दर त्याचाच निघाला.

शिरवळच्या बाजूच्या एका कंपनीने सामाजिक दायित्वाच्या निधीतून साडेतीन लाख मंजूर केले. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात प्राणी कल्याण आहे, हे त्यांच्याच अधिकाऱ्याला मी उघडून दाखवलं. त्यांना हवं होतं ते असं : १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या, कंपन्यांचा असा निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब आणि जागेचा नोंदवलेला पट्टा. मास्तरांचा प्रश्न पुन्हा एकदा कामाला आला. फोटो त्यांनी मागितलाच नाही.

एक रक्कम मी नाकारली, त्याचं दुःख आहे. एका सभासदाचा भाचा अमेरिकेत असतो, दोन हजार डॉलर द्यायला तयार. भारतीय पासपोर्ट असता तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालली असती. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलेलं, म्हणजे कायद्याने तो विदेशी स्रोत. विदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी आमच्याकडे नाही. मग सुचवणी आली की आईच्या खात्यात पाठवू दे आणि आईने द्यावे. मी नाही म्हटलं. भाचा रागावून म्हणाला, "आम्ही तुम्हाला घोड्यांपेक्षाही परके?" आई अजून हळदीकुंकवाला बोलावते, पण पूर्वीसारखं थांबवून घेत नाही.

दरम्यान नकाशा बदलला होता, आणि तो बदलला हवालदारांनी. त्यांनी इंजिनिअरचा कागद पाहिला आणि विचारलं, "शहाबादी? मुतानं ओली झाली की घोडं घसरणार. मांडीचं हाड मोडलेलं घोडं परत उभं राह्यलेलं कुणी बघितलंय का?" मग फरशी गेली. खाली दगडाची सोलिंग, वर मुरूम, पाणी मारून धुम्मसने ठोकलेला, मागे उतार. भिंती चार फुटांपर्यंतच, त्यावर मोकळं. ही गोष्ट देणाऱ्यांना समजावणं सर्वांत अवघड गेलं. सगळ्यांना वाटायचं, बंद म्हणजे ऊबदार. मी स्वतः एका बंद तबेल्यात सकाळी झाडायच्या आधी उकिडवी बसून पाहिलं. घोडं मान खाली घालून जिथे खातं त्या उंचीवर मुताचा अमोनिया डोळ्यांत चरचर शिरतो. उभं राहिलं की जाणवतही नाही. म्हणून पत्र्याच्या माथ्यालाही फट ठेवली, वर टोपी.

आमची तट्टं लहान चणीची, म्हणून दहा बाय दहाचे आठ कप्पे, पुढे आठ फुटांची पडवी, एका टोकाला चाऱ्याची खोली, दुसऱ्या टोकाला उपचाराची जागा : एकूण शंभर बाय अठरा. जोता जुना असल्याने पायाचा खर्च निम्म्यावर आला. नवं अंदाजपत्रक ११,६०,०००. आठवा कप्पा मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून ओळीतून काढून अंगणाच्या पार टोकाला नेला, स्वतंत्र बादली, स्वतंत्र खरारा. बाहेरचे घोडे येणार म्हणजे ग्लँडर्सची धास्ती. हा रोग माणसालाही होतो, त्यावर घोड्याचा इलाज करत नाहीत, बाधित जनावराला कायद्याने दयामरण द्यावं लागतं. पशुसंवर्धन खात्यामार्फत रक्ताचे नमुने हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. अहवाल येईपर्यंत नवा घोडा त्या एकट्या कप्प्यात.

कंपनीला ३१ मार्चच्या आत बिलं हवी होती, म्हणून मार्च २०२४ मध्ये भर उन्हात काम सुरू झालं. मुरूम ठोकायला घोडेवाले चार-चारच्या पाळीने उतरले. त्या मजुरीचे पैसे वाचले, दोन कप्प्यांच्या लाकडी फळ्या पुढे ढकलल्या, तरी खर्च १०,५६,००० झाला. जमा ९,०२,५००. तूट १,५३,५००. त्यातले ७५,००० मी बिनव्याजी दिले, ठराव करून आणि लेखी, आणि ७८,५०० फॅब्रिकेशनवाल्याचे देणं राहिलं. तो महिन्यातून एकदा चहाला येतो. पैशांचा विषय काढत नाही, फक्त पत्र्यावर हात ठोकून बघतो.

इमारतीसाठी मागताना रोजच्या खर्चाबद्दल आम्ही मौन पाळलं, ही माझी मोठी चूक. पाच घोड्यांना महिन्याला साधारण २७,००० रुपये लागतात, कडबा, कोंडा, हरभरा, औषध धरून. पावसाळ्यातल्या चार कप्प्यांचं चार महिन्यांचं भाडं ४८,०००. म्हणजे दोन महिनेसुद्धा निघत नाहीत. लिदीला स्ट्रॉबेरीवाल्यांकडून मागणी आहे, पण ते ट्रॉलीच्या भाड्यातच निम्मं जातं. मागताना "बांधकाम अधिक दोन वर्षांचा चारा" अशी एकच रक्कम सांगितली असती तर लोकांनी दिली असती, असं मला गावोगाव फिरल्यावर वाटतं. शेतकऱ्याला जनावर खातं हे समजावून सांगावं लागत नाही. आता पागा उभी दिसते, आणि "झालं की तुमचं" म्हणून लोक हात झटकतात.

पत्रे चढले ७ जूनला. ९ तारखेला पहिला मोठा पाऊस आला. चार घोडी आत गेली. तांबडी पडवीत आली, पुढचे दोन पाय आत आणि मागचे दोन पावसात, आणि तशीच रात्री आठपर्यंत उभी राहिली. चारचौघांनी ओढूनही हलली नाही. अकरा लाखांच्या अंदाजपत्रकाकडे पाठ करून उभी असलेली घोडी मी खिडकीतून बघत होते. चारही खूर मात्र कोरडे नसले तरी चिखलात नव्हते.

रक्ताचे अहवाल आल्यावर चाचाचा घोडा घाट उतरून आला. तोच, बरगडीवाला. चार महिन्यांचे बारा हजार होत होते. चाचाकडे सात होते. उरलेल्यापोटी त्याने टेम्पोतून कडबा आणला आणि म्हणाला, "हिशोबात बसतंय का बघा, बाई." मी पेंढ्या मोजून घेतल्या, त्या दिवसाचा बाजारभाव विचारला आणि दोन पावत्या फाडल्या. एक रोख ७,००० ची. दुसरी : कडबा, २०० पेंढ्या, वस्तुरूप.